हौद्यात बोललेला शब्द

वरची वाडी, उंब्रज
ता. ११ फेब्रुवारी १९४६

अर्जुना,

आमचा गुंडा गेला. पौषाच्या शेवटच्या आठवड्यात, तापानं. सात दिवस अंग फणफणत होतं, छाती वाजत होती. वैद्याला बोलावता आलं नाही. का ते तुला वेगळं सांगायला नको. पलटणीतून रजेवर आलेला माझा धाकटा भाऊ परत गेलाच नाही आणि आमच्या डोंगरातल्या खोपटात लपून बसलाय, हे आई आणि मी सोडून जगात तुला एकट्यालाच ठाऊक होतं. तालमीत आपण एका ताटात जेवत होतो, तेव्हा मीच तुला सांगितलं होतं.

गावाला वाटतं, पलटणीतून रीतसर सुटून तो मुंबईच्या गोदीत कुठं तरी ओझी वाहतोय. पोलीस दोनदा रात्रीचे आले, गुपचूप घर उपसून गेले, खोपटापर्यंत काही चढले नाहीत. लढाई संपली तरी पळून आलेल्याला सरकार सोडत नाही, म्हणून तो वरच राहिला. अडीच वर्षं. शेवटी आम्ही दोघांनीच मागच्या ओघळीत त्याला अग्नी दिला. आईला मोठ्यानं रडता आलं नाही. खालच्या शेतात बाया हरभरा उपटत होत्या. दुसऱ्या दिवशी ती नदीवर धुणं घेऊन गेली, तर शेजारच्या हरणाबाईनं तिला धीर दिला की देवाला काळजी, येईल तुझा लेक. आई ‘व्हय’ म्हणाली आणि धुणं धूत बसली.

हे तुला दोन कारणांनी लिहितो. त्याचं गुपित तुझ्यावर होतं, ते उतरलं. माझ्याही तोंडाला आता कुलूप राहिलं नाही, सांगायला मी मोकळा झालो. आणि दुसरं, जे विचारायला दोन वर्षं धीर झाला नाही. तुझा हात कसा आहे?

सांगलीच्या मैदानात तू खाली होतास, तुझा हात माझ्या पकडीत मागं वळलेला होता. पंचांनी शिट्टी दिली, ‘सोड’ म्हणून ओरडले, आणि मी सोडला नाही. हाड मोडल्याचा आवाज तुझ्याही आधी मी ऐकला असेन. पाच वर्षं ज्यांनी मला खांद्यावरून मिरवलं, ते त्या दिवशी माझ्यावर थुंकले. त्यांचं चुकलं असं मला कधी वाटलं नाही.

वहिनींना नमस्कार सांगायचा मला हक्क नाही. जमलं तर दोन ओळी लिही.

आकाराम


माधवनगर
ता. २ मार्च १९४६

रा. रा. आकाराम पैलवान यांस अर्जुनाचा रामराम.

तुमचं पत्र पोचलं. गुंडाचं ऐकून वाईट वाटलं. तुमच्या आईस्नी तसं सांगा.

हात बरा हाय. कोपरात वळत न्हाई. गिरनीच्या फाटकावर बसायला काय हात वळायला लागत न्हाई. कुस्ती गेली, पर पोट चाललंय.

तुमी लिवलंय की सांगायला मोकळा झालो. पैलवान, ती गोष्ट आता कुनाला सांगनार तुमी? दोन वर्सं झाली. हितं मानसं मला वळखत्यात. गिरनीच्या शेटजीनं मानूस धाडून मला फाटकावर ठेवून घेतलं, ते का ठेवलं ते तुमास्नी ठावं हाय. सांगलीच्या पेठेत गेलो तर दुकानदार उठून बसायला जागा देत्यात. जतकडच्या धनगराच्या पोराला असं कोन जागा देतं? माज्या बाला जनमभर कुनी दारात उभं केलं न्हाई. हे समदं त्या एका गोष्टीवर उभं हाय. ती तुमी सांगितली तर माजं जाईल, आन् तुमचं काय परत येनार न्हाई. गेलेलं नाव गेलंच.

मी तुमच्यावर फिर्याद केली न्हवती, एवढं ध्यानात ठेवा.

उत्तर नको.

अर्जुना


वरची वाडी, उंब्रज
ता. १९ मार्च १९४६

अर्जुना,

तू उत्तर नको म्हणालास, तरी एकदाच लिहितो. पत्र तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळी मला कळलंच नाही तू कशाला भ्यालास. तू मला ‘तुमी’ कधीपासून म्हणायला लागलास, याच विचारात होतो.

मी ‘सांगायला मोकळा’ लिहिलं ते गुंडाबद्दल. चार माणसांत सांगता येईल की माझा भाऊ मेला, आईला दारात बसून रडता येईल, एवढाच त्याचा अर्थ होता. अजून तेही आम्हाला जमलेलं नाही. आई म्हणते, इतके दिवस झाकलं, आता मेल्यावर पळपुटा म्हणवून घ्यायचं का त्याला?

कुस्तीच्या हौद्यात, त्या मातीवर, तू माझ्या कानाशी काय बोललास ते मी पंचांना सांगितलं नाही, वस्तादांना नाही, आईलाही नाही. पुढंही सांगणार नाही. तू निवांत झोप.

एकाच माणसाला सांगावं असं वाटत होतं. कुस्तीची बातमी खोपटात आईनंच नेली. संध्याकाळी मी भाकरी घेऊन वर गेलो, तर गुंडा म्हणाला, ‘मला माणसं मारवंनात म्हणून मी पळून आलो, आणि तू खाली पडलेल्याचा हात मोडून आलास.’ त्या दिवसापासून त्यानं माझ्या हातची भाकरी घेतली नाही. आई गेली तरच जेवायचा. मी सरपण नेऊन टाकायचो, पाण्याची घागर ठेवायचो, तो डोंगराकडे तोंड करून बसायचा. कारण सांगितलं असतं तर तो त्याच पावली उतरून उंब्रजच्या ठाण्यात हजर झाला असता. ‘माझ्यापायी कुणाचा हात गेला’ म्हणून. मग आई जगली नसती. म्हणून सांगितलं नाही. शेवटच्या तापात तो माझ्या हातून पाणी प्यायला, पण कोण पाजतंय हे तेव्हा त्याला समजत नव्हतं.

माझं म्हणशील तर कुस्ती चालू आहे. जत्रावाले मला अजून बोलावतात, आधीपेक्षा जास्त. हलगी वाजायच्या आतच शिव्या सुरू होतात. पहिलं वर्ष मी मान खाली घालून उतरायचो. मग एका गावच्या पंचानं मला बाजूला घेऊन समजावलं की पैलवान, तुम्ही असे गरीब झालात तर लोकांना मजा येत नाही, ते तुम्हाला पडताना बघायला आलेत. तेव्हापासून मी मिशीवर हात फिरवतो. समोरच्याला रामराम करत नाही. माती कपाळाला लावत नाही. लोक चवताळून उठतात, आणि मी पडलो की हसत घरी जातात. या गोष्टीची मला सवय झाली, अर्जुना. एखाद्या दिवशी शिव्या कमी पडल्या तर चुकल्यासारखं वाटतं. हात मोडल्याची लाज एका बाजूला, आणि ही एका बाजूला. ही कुणाला सांगता येत नाही.

तुझं फाटक, तुझी पेठेतली जागा तुला लाभो. मी पुन्हा लिहीत नाही.

आकाराम


माधवनगर
ता. ८ डिसेंबर १९४६

आकाराम, गड्या,

नऊ म्हयनं तुजं पत्र माज्या ट्रंकेत पडून हुतं. रोज गिरनीचा भोंगा झाला की वाटायचं, आज लिवीन. मला लिवायला तूच शिकवलंस, तालमीच्या भितीवर कोळशानं. त्या हातानं तुला ‘तुमी’ लिवताना मला काय वाटलं न्हाई. आता वाटतंय.

गनपतीत हितल्या पेठंनं माजा सत्कार केला. फेटा बांधला, नारळ दिला. एक वकील बोलायला उभा ऱ्हायला. माज्यावर थोडं बोलला आन् तुज्यावर लय बोलला. माजलेला पैलवान कसा असतो, आन् सोसनारा कसा असतो. लोकांनी तुज्या नावानं थू थू केली. मी खुर्चीवर बसलो हुतो. उठलो न्हाई. गळ्यात हार हुता, तो जड लागत हुता, तरी बसलो.

घरी आलो तवा तुजी वहिनी, रंगुबाई, फेटा बघून खूश झाली. तिला समदं सांगितलं. ती भाकरी थापत हुती, तिचा हात थांबला न्हाई. समद्या भाकरी झाल्यावर म्हनाली, ‘म्हंजी दोन वर्सं मी त्या मानसाच्या आईला शिव्या देत हुते, ते तुमी ऐकत हुता.’ मग तीन दिस बोलली न्हाई. चवथ्या दिशी रोजच्यासारखी हाताला तेल लावायला बसली आन् म्हनाली, तेल लावीन, पर मला काय समजावू नगा.

ते बोलनं मी अजून कागदावर लिवलेलं न्हाई. आज लिवतो, म्हंजी ते माज्याच हस्ताक्षरात ऱ्हाईल. मी खाली हुतो. माजा हात तुज्याकडं हुता. समदं मैदान आकाराम, आकाराम करत हुतं. आठ वर्सं आपन एका वस्तादाच्या हाताखाली, आन् वस्ताद बी त्या दिशी तुज्याच बाजूला उभा. मला वाटलं, एकदा तरी ह्येचा हात ढिला पडावा. म्हून तुज्या कानाशी म्हनलो, ‘पळपुट्याच्या भावा, खोपटात कोन हाय ते सांगू का समद्यास्नी?’ तू माजा सोबती म्हून मला ते सांगितलं हुतंस. मी कुनाला सांगनार न्हवतो, ही शपत हाय. पर बोललो. हात ढिला पडला न्हाई, उलटा आवळला.

आता बसल्या जागी इचार येत्यात. तू तवाच उठून बोलला असतास तर लोकांनी मला चपलांनी मारलं असतं आन् तुला खांद्यावर घेतलं असतं. पर गुंडा धरला गेला असता, म्हून तू बोलला न्हाईस. मग बोलायचं माजं काम हुतं. मिरजेच्या दवाखान्यात वस्ताद माज्या उशाला बसला हुता. काय झालं रं, आकाराम असा न्हाई, कायतरी झालंय, म्हनत हुता. मी भितीकडं त्वांड केलं. वस्तादाला एकट्याला सांगितलं असतं, त्यानं एक निरोप तुमच्या घरी धाडला असता, तर तुजा भाऊ तुज्या हातची भाकरी खाऊन मेला असता. माज्या हाताचं मला काय वाटत न्हाई आता. ह्या भाकरीचं वाटतं.

माघात सांगलीला तुजी कुस्ती लागलीया, पेठेत कागद चिकटवलाय. तुजं नाव वर, मोठ्या अक्षरात, ‘हात मोडणारा’ म्हून. मी त्या दिशी मैदानात उठून बोलनार हाय. रंगुबाईला तसा शब्द दिलाय.

तुजा,
अर्जुना


वरची वाडी, उंब्रज
ता. २७ डिसेंबर १९४६

अर्जुना,

तुझं पत्र मी शेताच्या बांधावर बसून वाचलं. तू परत ‘तू’ म्हणालास, बरं वाटलं.

पण मैदानात बोलू नकोस. तुझी नोकरी जाईल म्हणून नव्हे. तू मला नको तेवढा मोठा करून ठेवला आहेस म्हणून. भावाला वाचवण्यासाठी मी तोंड मिटलं, असं तुझ्या मनात आहे. नंतर मिटलं, ते त्याच्यासाठी. पण हात मोडला तो त्याच्यासाठी नाही.

‘सांगू का’ हे तुझं बोलणं मला खरं म्हणजे मागाहून आठवलं. त्या वेळी कानात शिरला तो पहिलाच शब्द. पळपुटा. आमच्या वाडीची बावीस माणसं पलटणीत. पहिल्या लढाईत आमचा चुलता बसऱ्याला पडला, त्याचा बिल्ला देव्हाऱ्यात ठेवलाय. अशा घरात गुंडा निघाला. बेचाळीसनंतर भूमिगत माणसं आमच्या डोंगरात असायची, त्यांना गाव भाकरी द्यायचं, आणि देणाऱ्याची मान ताठ असायची. मीही रोज डोंगरात भाकरी नेत होतो, पण चोरासारखी. त्याच्या तोंडाकडे मी बघत नव्हतो. तो माझ्याशी बोलेनासा झाला असं तुला लिहिलं. त्याच्या आधी सहा महिने मीच त्याच्याशी धड बोलत नव्हतो, हे लिहिलं नाही. कधी कधी मनात यायचं की हा तिकडंच पडला असता तर देव्हाऱ्यात दोन बिल्ले झाले असते. सख्ख्या भावाबद्दल असं यायचं. तू तो शब्द बोललास, तो माझ्याच मनातला होता. तुझा हात मी त्याबद्दल मोडला.

आता तू उठून बोललास तर लोक म्हणतील, बघा, भावासाठी केवढं सोसलं यानं. पुन्हा खांद्यावर घेतील. अर्जुना, शिव्या मला पेलतात. ते पेलणार नाही.

आणि आईला यातलं काही ठाऊक नाही. ती अजून समजते, मी माजानं केलं. तसंच राहू दे. गुंडामुळे हे सगळं झालं असं तिला कळलं तर त्याची आठवणसुद्धा तिला नीट काढता येणार नाही. बोलायचंच असेल तर वस्तादांकडे जाऊन बोल. मैदानात गुंडाचं नाव घेऊ नकोस. एवढं माझं ऐक.

आकाराम


माधवनगर
ता. २३ फेब्रुवारी १९४७

आकाराम,

तू नगं म्हनालास, तरी मी उठलो. तू हौद्यात उभा हुतास, तवा थोडं तुला दिसलं असंल. पर तू लवकर निगून गेलास, म्हून बाकीचं सांगतो.

तू उतरलास आन् शिव्या सुरू झाल्या. समोर कवठ्याचा भाऊसो, बावीस वर्साचा, समदं मैदान त्येच्या बाजूला. तू मिशीवर हात फिरवलास. मला बघवंना. मी पंचाकडं गेलो, म्हनलो मला दोन शब्द बोलायचंत. त्यांनी लगेच हलगी थांबवली. मी दिसलो तशा टाळ्या झाल्या, त्या लवकर थांबंनात.

मी म्हनलो, आकारामची चूक अर्धी हाय, अर्धी माजी हाय. मी त्येच्या कानात वंगाळ बोललो, म्हून त्यानं हात मोडला. एवढंच बोलून खाली बसनार हुतो. पर पुढच्या रांगेतल्या एकानं इचारलं, असं काय बोलला हुता? मी हात जोडले. मग धा जन इचारू लागले. काय बी सांगतोय, असं कुनीतरी म्हनालं. तवा मी म्हनलो, त्येचा भाऊ पलटनीतनं पळून आलेला, त्येला पळपुटा म्हनलो, आन् तो लपलाय कुटं ते सांगतो म्हनलो. तू नाव घेऊ नगं म्हनाला हुतास. नाव घेतलं न्हाई, पर तेवढ्यानं काय हुतंय. तुजा शब्द मी दुसऱ्यांदा मोडला.

मला वाटलं, आता चपला येतील. मी डोळे मिटून उभा ऱ्हायलो. रंगुबाईला सांगून आलो हुतो, फेटा परत करून येतो.

मग एक म्हातारा उठला. काठी टेकत आला आन् माज्या पायावर वाकला. रडत हुता. म्हनाला, ‘ज्यानं हात मोडला त्येला वाचवायला हा मानूस सवतावर घेतोय.’ एवढंच. मग समदं मैदान उटलं. लोकांनी फेटे उडवले. पंच म्हनाले, असं मन कुनाचं असतं. मी वरडून सांगत हुतो की खरं हाय, मी खरं सांगतोय. जेवढं वरडलो तेवढ्या टाळ्या वाढल्या. दोघांनी मला उचललं. माजा वाकडा हात वर धरून मैदानभर फिरवलं.

वरनं मला तू दिसलास. तुला लोक म्हनत हुते, लुळ्या मानसाला धमकावून बोलायला लावतोस व्हय रं. कुनीतरी दगड मारला, तो तुज्या खांद्याला लागला. तू भाऊसोला रामराम केलास, चिमूटभर माती कपाळाला लावलीस आन् कुस्ती न करता वर आलास. पळाला पळाला म्हून लोक वरडले. मी खाली उतरून तंबूमागं पळत आलो, तवर कऱ्हाडची मोटर सुटली हुती.

आता पेठेत माजा लयच मान झालाय. शेटजीनं मुकादम करतो म्हून सांगितलं. मी नगं म्हनलो, तर ते बी त्यांना मोठेपन वाटलं. मी वस्तादाकडं गेलो. त्येला समदं सांगितलं. त्यानं तरी इश्वास धरला. मग म्हनाला, उशीर केलास, आन् आत निगून गेला.

खरं सांगून बी ते खोटं ठरतं, हे मला ठावं न्हवतं. रंगुबाई म्हनती, तीन वर्सं खोट्यावर बसलात, आता खरं कोन घेनार तुमच्याकडनं.

तुला काय त्रास झाला असंल तर लिव. न्हाई लिवलंस तरी मी समजीन.

अर्जुना


वरची वाडी, उंब्रज
ता. १४ एप्रिल १९४७

अर्जुना,

पत्राला दोन महिने लागले. खांद्याचं काही नाही, तेव्हाच बरा झाला. लिहायला बसलो की आई समोर यायची.

मैदानात तुझं कुणी खरं धरलं नाही म्हणतोस. माझ्या घरात धरलं गेलं. कऱ्हाडातून मी त्या रात्री निघालो नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीत आलो. बातमी माझ्या आधी आली होती. आमच्या वाडीचे चौघं मैदानाला होते. ते चावडीवर हसत सांगत होते की अर्जुनानं काय बनवून सांगितलं बघा, म्हणे गुंडा कुठं लपलाय ते ह्याला माहीत. गुंडा मुंबईला, आणि ह्याला काय माहीत? सगळे हसले. ते हसू हरणाबाईनं आमच्या दारात आणून आईला सांगितलं. आता विचार कर. साऱ्या वाडीत एकच बाई अशी, जिला ठाऊक होतं की गुंडा मुंबईला नव्हता.

मी आलो तेव्हा ती ओसरीवर बसली होती. सूप मांडीवर, निवडायचं काही त्यात नव्हतं. तिनं विचारलं, अर्जुना म्हणतो ते खरं का. मी वाटेत ठरवून आलो होतो की नाही म्हणायचं. तोंडातून निघालं, व्हय.

ती उठून डोंगराकडे चालू लागली. मी मागं गेलो नाही. उन्हं उतरली तरी आली नाही, तेव्हा गेलो. खोपटात गुंडा जिथं बसायचा तिथं ती बसली होती. मला म्हणाली, ‘तुज्या हातची भाकरी त्यो घेत न्हवता, तवा मी त्येला दोनदा म्हनलं, बरं करतोस, असल्याच्या हातचं खाऊ नगंस.’

अर्जुना, हे मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं मला वाटत होतं, तो एकटाच माझ्यावर रागावलाय.

मग ती रडायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं, गुंडाचं नाव घेऊन, पलीकडच्या वस्तीपर्यंत जाईल असं. वर्षाचं साठलेलं. मी तिला गप हो म्हणालो नाही. खालून बाया धावत आल्या, साप चावला की काय म्हणून. आईनं त्यांना ओघळीतली जागा दाखवली. माझा लेक हितं जाळलाय, म्हणाली. पळून आला होता, मीच लपवला होता, आणि ह्यानं त्याच्यापायी शिव्या खाल्ल्या.

शेवटचं खरं नाही, हे मी तुला लिहिलं आहे. मी तिला तिथंच सांगितलं की आई, मी शिव्या त्याच्यासाठी खाल्ल्या नाहीत, मलाच त्याची लाज वाटत होती. ती म्हणाली, मला बी वाटत हुती रं. एवढं बोलून तिनं डोळे पुसले.

पुढं जबाब झाले. पाटलानं पंचनामा केला, उंब्रजहून फौजदार येऊन जागा बघून गेला. मेलेल्या माणसाला काय धरणार? आमच्यावर काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. वाडीतले पेन्शनवाले दोन सुभेदार आमच्या दारावरून जाताना मान फिरवतात. तेवढी फिरवू देत. हरणाबाई मात्र रोज येते. इतके दिवस तुझा लेक येईल म्हणत होते, माझ्या तोंडाला काय झालं होतं, असं म्हणून तीच आईपुढे रडते. तेराव्याचं जेवण आम्ही वर्षानं घातलं. अकरा माणसं आली.

चैत्राच्या दोन जत्रांचं बोलावणं होतं, गेलो नाही. वस्तादांनी तालमीत ये म्हणून निरोप पाठवला. तो तुझ्यामुळे, हे मला समजलं. त्यांनाही अजून उत्तर दिलेलं नाही. सकाळी नांगराला जातो, दुपारी आईबरोबर जेवतो. ती माझ्या ताटात वाढते आणि मी पहिला घास घेईपर्यंत बघत बसते.

काल ती म्हणाली, त्या अर्जुनाला लिही, बायकोला घेऊन ये म्हणावं, मला त्याचा हात बघायचाय. तिच्या समाधानासाठी म्हणून लिहितो आहे. पण लगेच येऊ नकोस. तुझ्यावर माझा राग आहे का, तर असेल, नीट सांगता येत नाही. माझ्या मनातला शब्द तू बोललास, आणि मी तुझा हात मोडला. यात कोण कुणाला काय म्हणणार? पण तू दारात उभा राहिलास तर मी तुझ्याकडे बघीन की गुंडाकडे बघत नव्हतो तसं करीन, याची मला खात्री नाही.

पेरण्या उरकल्या की मी होऊन लिहीन. नाहीच लिहिलं, तर तू एकदा विचार.

आकाराम